हतनूरच्या काठावर निकॉन अ‍ॅक्युलॉन ८×४२: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

दिवाळी झाली, पहाटे स्वेटर घालावा लागला, की जळगाव-भुसावळकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो: पक्षी बघायला दुर्बीण कोणती घ्यायची? विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा मनात ठरवलेलं असतं, ते म्हणजे सगळ्यात जास्त मोठं करून दाखवणारी. वीस पट, तीस पट, कुठे कुठे तर खोक्यावर शंभर पट छापलेलं असतं. अशी दुर्बीण एका हिवाळ्यात दोनदा बाहेर निघते आणि मग कपाटात जाते. म्हणून इथे निकॉनच्या अ‍ॅक्युलॉन ए२११ मालिकेतली ८×४२ ही दुर्बीण हतनूरच्या पाण्यावर कशी चालते, एवढंच बघायचं आहे. दुकानाच्या काउंटरवरून समोरच्या पाटीवर रोखली, तर कुठलीही दुर्बीण चांगलीच वाटते.

आधी जागा समजून घ्या, कारण दुर्बिणीची निवड जागेवरच ठरते. हतनूर हे तापीवरचं ४१ दरवाजांचं धरण. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि धरणाचा फुगवटा दोन्ही नद्यांच्या पात्रांत मागे पसरतो. दोन्ही नद्या गाळ भरपूर आणतात, त्यामुळे बरंचसं पाणी उथळ आहे. हिवाळा पुढे सरकतो तसं पाणी उतरतं, काठाचा गाळ उघडा पडतो, त्यावर गाळपेर होते आणि गाळ-पाण्याच्या सीमेवर बदकं, टिलवे, शेकाटे, चमचे असे पाणपक्षी दाटी करतात. महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे ते यामुळेच. पण बघणाऱ्याची अडचणही हीच. काठ सपाट, आडोसा म्हणजे बेशरमाची झुडपं नाहीतर वेडी बाभूळ, आणि काळ्या चिखलात पुढे जाता येत नाही. पक्षी दीडशे मीटरपासून पाऊण किलोमीटरपर्यंत कुठेही असतात, आणि हजाराच्या थव्यात तुम्हाला हवा असतो तो एखादाच.

अशा ठिकाणी पहिली गरज रुंद दिसण्याची. ८×४२ मध्ये आठ म्हणजे किती पट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. या दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र ८ अंशांचं आहे, म्हणजे हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. हिच्याच १०×५० भावंडाचं क्षेत्र ६.५ अंश, म्हणजे ११४ मीटर. कागदावर फरक किरकोळ वाटतो, काठावर तसा वाटत नाही. वारकरी म्हणजे काळे पाणपक्षी, त्यांचा थवा पाण्यावर पसरलेला असतो. वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख उचलून तरंगत येतो, आणि इतका वेळ विस्कळीत असलेले वारकरी क्षणात एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा होतात. त्यांच्या मागे तलवार बदकं उठतात, मग भुवया बदकं. रुंद क्षेत्रात भोवत्या, गठ्ठा आणि उठलेली बदकं एकाच चौकटीत राहतात. अरुंद क्षेत्रात तुम्ही भोवत्याला धरता तेवढ्यात बदकं निघून गेलेली असतात.

दुसरी गरज हात स्थिर राहण्याची. पक्षी जितका मोठा होतो तितकंच हाताचं थरथरणंही मोठं होतं. आठ पटीत २४० मीटरवरचं बदक ३० मीटरवर असल्यासारखं दिसतं, दहा पटीत २४ मीटरवर. हे सहा मीटर मिळवायला १०×५० मध्ये साधारण ९०० ग्रॅम वजन उचलायचं. ८×४२ चं वजन ७५५ ग्रॅम आहे. तीन तास उभं राहून बघणाऱ्याला आठच बरं. होडीत तर प्रश्नच नाही. डोंगा स्वतःच हलत असतो, तिथे दहा पटीत डोळ्याला भोवळ येते.

तिसरी गोष्ट उजेडाची. ४२ ला ८ ने भागा, ५.२५ येतात. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा मिलिमीटरमधला व्यास. झुंजुमुंजूला माणसाची बाहुली साधारण एवढीच उघडलेली असते, त्यामुळे हा झोत वाया जात नाही आणि कमीही पडत नाही. खिशात मावणाऱ्या ८×२१ दुर्बिणीत हाच आकडा २.६ होतो. दुपारी ती चालून जाईल, पण सूर्य उगवायच्या आधी पट्टकादंब हे हंस रात्रीच्या मुक्कामावरून हरभऱ्याच्या शेतांकडे उठतात, त्या वेळी तिच्यात करड्या सावल्यांपलीकडे काही दिसत नाही. अ‍ॅक्युलॉनमध्ये त्याच वेळी पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे वेगळे कळतात. थवा दीडशे मीटरच्या आत असला तर.

काच कशी आहे? मधला भाग स्वच्छ आणि धारदार. कडेला चित्र थोडं मऊ होतं, रुंद क्षेत्राच्या या किमतीतल्या दुर्बिणींत ते होणारच, आणि पक्षी मध्ये आणून बघायची सवय असेल तर त्याचं काही अडत नाही. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला निळसर-जांभळी रेघ दिसते, विशेषतः गडद पाण्यावर. रंग मात्र खरे दिसतात, आणि हतनूरला याचं मोल आहे. गडवाल बदकाचा नर लांबून नुसता मातकट दिसतो. पण बूड काळंकुळीत असतं, आणि अंग झटकताना पंखावरचा पांढरा चौकोन एकदा चमकून जातो. तेवढ्यावर ओळख पटते. मोठ्या लालसरी बदकाची लाल चोच वारकऱ्यांच्या गर्दीतून दोनशे मीटरवरूनही उठून दिसते. थापट्या बदकाचं हिरवं डोकं उन्हात काळं वाटतं, तिथे फावड्यासारखी चोच बघावी.

रचना पोरो पद्धतीची आहे, म्हणजे पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा दूर-दूर असलेली, जुन्या फौजी दुर्बिणीसारखी. याच किमतीत सरळ नळ्यांच्या, रूफ प्रिझमच्या दुर्बिणी मिळतात आणि त्या दिसायला सुटसुटीत असतात. पण रूफ प्रिझम नीट करायला खर्च येतो, आणि स्वस्तात केलं की चित्र मलूल होतं. त्याच पैशात पोरो जास्त उजळ आणि जास्त खोलीचं चित्र देते. पुढचं बदक आणि मागचं बदक यांतलं अंतर हिच्यात जाणवतं, त्यामुळे थवा मोजताना एकामागे एक असलेले पक्षी निसटत नाहीत.

आता उणी बाजू. ही नीट वाचावी, कारण पैसे इथेच फुकट जातात.

ही दुर्बीण पाणीरोधक नाही. मधलं चाक फिरवलं की मागची दोन्ही नेत्रभिंगं त्यांना जोडणाऱ्या पुलासकट मागे-पुढे सरकतात, आणि प्रत्येक वेळी आतली हवा बाहेर, बाहेरची आत जाते. दुर्बीण श्वास घेते म्हणा ना. कोरड्या हिवाळ्यात याने बिघडत नाही. बिघडतं ते दोन वेळा. एक, पावसाळ्यात. धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा ते बघायला लोक दुर्बीण घेऊन जातात. उडणारे तुषार आणि दमट हवा आत गेली की पुढच्या दोन महिन्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू लागते. ती आतून असते, पुसून जात नाही. दोन, फुफाट्यात. मार्चनंतर काठाकडे जाणाऱ्या गाडीवाटांवर पीठासारखी धूळ असते, आणि मोटारसायकलच्या मागे दुर्बीण उघडी गळ्यात घालून नेली की ती धूळ चाकाच्या खाचेत आणि पुलाखाली बसते. चाक करकरायला लागतं. गाडीवर दुर्बीण पिशवीत आणि पिशवीची चेन बंद, याला पर्याय नाही.

दुसरी उणीव चष्मेवाल्यांची. डोळा नेत्रभिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर हिच्यात १२ मिलिमीटर आहे. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा त्याहून मागे राहतो आणि चित्राच्या कडा कापल्या जातात. ज्या रुंद क्षेत्रासाठी पैसे मोजले तेच हातातून जातं. यावर एक वाट आहे, पण सगळ्यांना नाही. नंबर नुसता उणे किंवा अधिक असेल, तर चष्मा काढून बघावं. फोकसच्या चाकातच तो नंबर भरून निघतो. चाळिशी असेल तर ती तशीही काढूनच बघायचं. नंबर सिलिंड्रिकल असेल, आणि बऱ्यापैकी असेल, तर चाकाने तो भरून निघत नाही, चष्मा लावूनच बघावं लागतं. अशांनी अ‍ॅक्युलॉन घेऊ नये. त्यांनी त्याच कंपनीची प्रोस्टाफ पी३ ८×४२ बघावी. तिचं हेच अंतर २०.२ मिलिमीटर आहे, म्हणजे चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं. ती पाणीरोधक आहे, आत नायट्रोजन भरलेला आहे आणि वजनाला बरीच हलकी आहे. किंमत जास्त आणि दृष्टिक्षेत्र ७.२ अंश, एवढंच द्यावं लागतं. पावसाळ्यात यावल-सातपुड्याकडे भटकणाऱ्यांनीही, चष्मा नसला तरी, पी३ कडेच जावं.

तिसरी उणीव जवळच्या वस्तूंची. पाच मीटरच्या आत ही फोकस होत नाही. पायाजवळच्या रामबाणाच्या पात्यावर बसलेला चतुर किंवा फुलपाखरू हिच्यात दिसणार नाही. पी३ तीन मीटरपर्यंत येते.

घेताना दुकानात पाच मिनिटं या गोष्टींवर घालवावीत, कंपनी कुठलीही असो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. नेत्रभिंगात दिसणारी उजेडाची टिकली गोल हवी. ती चौकोनी वाटली, कडा करड्या दिसल्या, तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ते हिरवट, जांभळट दिसलं तर काचेवर लेप आहेत. पांढरं शुभ्र प्रतिबिंब म्हणजे तो पृष्ठभाग कोरा, प्रकाश तिथे वाया जातो. माणकासारखी लालभडक भिंगं दिसली तर दुर्बीण खाली ठेवा. तो लेप लाल रंगच परतवून लावतो आणि सगळं जग हिरवट-निळं दिसतं. मग लालसरीची चोच कुठून दिसणार? शेवटी समोरच्या इमारतीचा आडवा कठडा बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच इंच मागे घ्या. डाव्या आणि उजव्या वर्तुळातला कठडा एकाच पातळीत राहिला पाहिजे. वर-खाली झाला तर दोन्ही नळ्या जुळलेल्या नाहीत, आणि अशा दुर्बिणीने दहा मिनिटांत डोकं धरतं. ही तपासणी दुर्बीण कधी हातून पडली तर पुन्हा करायची. पोरोचं प्रिझम धक्क्याने सरकतं, ते घरी उघडून जुळवायच्या फंदात पडू नये.

झूमवाल्या दुर्बिणींबद्दल एकच: घेऊ नका. त्यांचं क्षेत्र कमी पटीतही नळीतून बघितल्यासारखं अरुंद असतं, आणि जास्त पटीत उजेड आणि स्थिरता दोन्ही जातात.

आता दुर्बीण डोळ्याला लावणं. "मला एकाच डोळ्याने दिसतं", "धूसर दिसतं" या तक्रारींपैकी बहुतेक इथे मिटतात. चष्मा नसेल तर नेत्रभिंगांवरची रबरी कडी फिरवून पूर्ण बाहेर काढा, चष्मा असेल तर आत ढकला. मधल्या बिजागरीवर दुर्बीण मिटवत-उघडत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. लहान मुलांच्या डोळ्यांतलं अंतर इतकं कमी असतं की पूर्ण मिटवूनही काहींना काळी कोर दिसते. त्यांना एका डोळ्याने बघू द्यावं. मग पन्नासेक मीटरवरची अक्षरं शोधा, विजेच्या खांबावरचा नंबर उत्तम. पुढच्या उजव्या भिंगावर झाकण लावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला नंबर स्पष्ट करा. झाकण डावीकडे लावा आणि आता चाकाला हात न लावता फक्त उजव्या नेत्रभिंगावरची कडी फिरवून तोच नंबर स्पष्ट करा. झाकणाऐवजी एक डोळा मिटला तर उघड्या डोळ्यावरही ताण येतो आणि कडी चुकीच्या जागी बसते, म्हणून झाकणच लावा. कडी जिथे थांबली तिथे नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी असली की दुर्बीण हातोहात फिरते आणि प्रत्येक जण तीच कडी फिरवून बघतो. ठिपका असला की परत जागेवर आणायला दोन सेकंद लागतात. पार्टीत एवढंच सांभाळा, की भरिताचं बोट काचेला लागू नये. तेलाचा डाग काचेवर धूर बसल्यासारखा पसरतो.

कुठे उभं राहायचं, हे दुर्बिणीइतकंच महत्त्वाचं. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणजे काठ उत्तर आणि दक्षिण. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिण काठावर उभं राहून उत्तरेकडे बघितलं तर ऊन पाठीमागून पक्ष्यांवर पडतं आणि पिसांचे रंग दिसतात. रावेर-यावलच्या बाजूने दक्षिणेकडे बघितलं तर पाणी चांदीसारखं चमकतं आणि सगळी बदकं काळी. त्या काठावर दुर्बीण कितीही भारी असली तरी चालत नाही. शिवाय उन्हाच्या दिशेने बघताना दुर्बीण चुकून सूर्यावर गेली तर डोळ्याला कायमची इजा होते. मुलांच्या हातात देताना त्यांची पाठ उन्हाकडे करूनच द्यावी.

वेळ उजाडल्यापासून सकाळी साडेनऊ-दहापर्यंत. त्यानंतर उघडा काळा गाळ तापतो, त्यावरची हवा हलू लागते आणि तीनशे मीटरपलीकडचे पक्षी पाण्याखाली असल्यासारखे लहरतात. पुष्कळांना वाटतं दुर्बीण बिघडली. ती ठीक असते, हवा हलते. आठ पटीत हे लहरणं सोसवतं, वीस पटीत पक्षी ओळखता येत नाही. फेब्रुवारी संपत आला की ही वेळ आणखी अलीकडे सरकते, आणि खानदेशी एप्रिलमध्ये तर आठलाच गुंडाळावं लागतं. डिसेंबरच्या पहाटे उलट त्रास: गारठ्यात श्वासाची वाफ नेत्रभिंगावर बसते. मफलर नाकाखाली गुंडाळावा, नाकावरून घेतला तर वाफ थेट काचेवरच जाते.

गळ्यातल्या पट्ट्याने ७५५ ग्रॅम वजन तासाभरात मानेला कळतं. दोन्ही खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुलीसारखा आडवा येणारा पट्टा घ्यावा. वाकून चिखलातून पाय काढताना दुर्बीण पुढे झोके खात नाही, हा त्याचा दुसरा फायदा. ट्रायपॉडवर बसवायची सोय पुढच्या बाजूला बिजागरीत आहे, त्यासाठी जोडणी वेगळी घ्यावी लागते. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला जायचं असेल तर ती जरूर घ्या. स्थिर दुर्बिणीत आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं, मग त्या मापाने थवा कापत जायचं. मोजणी डावीकडून सुरू केली तर त्याच दिशेने उजवीकडे संपवावी, कारण पोहत राहणारी बदकं मध्येच दिशा बदलली की दोनदा मोजली जातात.

अर्ध्या किलोमीटरपलीकडचे टिलवे, किंवा एखाद्या पट्टकादंबाच्या मानेत अभ्यासकांनी घातलेल्या पट्ट्यावरची अक्षरं, हे कुठल्याही हातातल्या दुर्बिणीचं काम नव्हे. त्याला स्टँडवरची वीस ते साठ पटीची स्पॉटिंग स्कोप लागते, तीही सकाळीच. चार-पाच जणांच्या गटात एक स्कोप आणि प्रत्येकाला एक ८×४२, ही जोडी हतनूरला आणि नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यांवरही सगळ्यात उपयोगी पडते. स्कोप नाही म्हणून पुढे सरकत थवा उठवू नये. थंडीत एकदा उठलेला थवा पैलतीराला जाऊन बसतो, आणि मागून येणाऱ्यांना रिकामं पाणी मिळतं.

साफ करताना क्रम चुकवू नका. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ कुंचला, मग काचेचं खास कापड, आणि डाग उरला तरच कापडावर एक थेंब द्रव. काचेवर थेट थेंब टाकला तर तो कडेने आत उतरतो. शर्टाच्या टोकाने पुसणं म्हणजे तापीची बारीक रेती काचेवर घासणं. लेपावर उठलेले ओरखडे परत जात नाहीत. मार्चअखेर बदकं परत गेली की दुर्बीण साफ करून रबरी कडीच्या हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. दाणे निळे असतील तर गुलाबी झाल्यावर, नारिंगी असतील तर हिरवे झाल्यावर पुडी बदला. जून ते सप्टेंबर दर महिन्याला एकदा डबा उघडून बघा. मूळ पिशवी डब्यात ठेवू नका, ती ओल धरते.